टेबलाचं अभ्यंगस्नान

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्याबाईंमुळे आहे. आमच्या समाजात सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक माणूस असं कोणाबद्दल तरी म्हणतो आणि म्हणताना त्याचं लक्ष शाल-नारळाकडे असतं. माझा सत्कार अजून कोणी केलेला नाही, त्यामुळे मला हे मोकळ्या हातांनी म्हणता येतं.

वडील माळव्यात, धारजवळच्या नालछ्याला गवंडीकाम करायचे. मी तिथल्याच शाळेत हिंदीतून शिकलो. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा घरात आनंदापेक्षा पंचाईतच जास्त झाली, कारण यानंतर काय करायचं असतं हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा वडिलांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, देवासहून निरोप धाडला की पोराला इकडे पाठवा, कॉलेज घरापासून चालत आहे. त्यांच्या घरात दोन खोल्या होत्या आणि दोन्ही भरलेल्या होत्या. तिसरी रिकामी पडून असल्यासारखा तो निरोप होता. ती तिसरी खोली म्हणजे एक शिसवी टेबल, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. टेबलावर मी अभ्यास करायचो आणि टेबलाखाली झोपायचो. तीन वर्षं माझा पत्ता तोच होता.

या टेबलाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. देवास काय नि धार काय, जुन्या मराठी घरात एक तरी वस्तू 'दरबारातून मिळालेली' असतेच. कोणाकडे खुर्ची, कोणाकडे आरसा, कोणाकडे नुसता दिव्याचा दांडा. या सगळ्या वस्तू खरोखर तिथून आल्या असतील, तर महाराज जमिनीवर बसून राज्य करत होते असंच मानावं लागेल. देवासला तर गाद्याच दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यामुळे थापा मारायलाही दुप्पट जागा. आत्याबाईंचे सासरे दरबारात चोपदार होते आणि टेबल थोरल्या पातीकडून मिळालं, असं आत्याबाई सांगत. शेजारच्या काकू म्हणत, धाकट्या. यावरून दोघींचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलेलं आहे.

कुठल्या का पातीचं असेना, टेबल देखणं होतं. कातीव पाय, एक खण, त्याला पितळी कडी. आणि वरची फळी अशी की खिडकीतून उजेड आला की पुस्तकाच्या कडेची अक्षरं तिच्यात उलटी दिसत. अर्थशास्त्र मला सुलट वाचूनही समजत नसे, तेव्हा मी ते उलटं वाचून बघायचो. पास झालो, म्हणजे काही तरी उपयोग झाला असणार. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर आणि बसून काम करणाराही पहिलाच. धारला एका सरकारी कचेरीत लागलो. वडिलांना अजूनही शंका आहे की बसून जे करतात त्याला काम म्हणावं का.

मधे वर्षं गेली. आत्याबाईंच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, कारखान्यात पाळ्या करकरून बायपासजवळ फ्लॅट घेतला. दसऱ्यानंतर वास्तुशांत ठरली. वहिनींनी हॉलची रंगसंगती ठरवली: करडा. भिंती करड्या, सोफा करडा, पडदे करडे. इतकं कर्ज काढून माणसं ढगाळ हवेत राहायला का जातात हे मला समजलं नाही, पण मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे, मला बरंच समजत नाही.

त्या हॉलमध्ये टेबलाला जागा होती, फक्त टेबल तसं राहिलं नव्हतं. मी ते बऱ्याच काळाने नीट पाहिलं. वरची फळी पिवळट-काळी झाली होती, हात ठेवला की चिकटत होती आणि मधोमध पांढुरक्या ढगांसारखे डाग पसरले होते. वहिनींनी निकाल दिला, "भाऊजी, चमकलं तर हॉलमध्ये. नाही तर कबाडीवाला येणारच आहे सामान उचलायला." वहिनी वाईट नाहीत. त्यांनी सगळ्याच वस्तूंना हाच न्याय लावला होता. लग्नात आलेला स्वतःच्या माहेरचा कूलरही कबाडात काढला होता.

आत्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टेबल जाईल तिथे माझी वळकटी."

"आई, आणि टेबल कबाड्याकडे गेलं तर?" दादाने विचारलं.

"मग त्याला सांग, म्हातारीपण उचल. वजनाला काही फार भरायची नाही मी."

दादा हसला, वहिनी हसल्या, मीही हसलो. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी जन्मात कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि आता जे मागितलं तेही धमकीच्या रूपात. दादाचं म्हणणं सोपं होतं. कारखान्यातल्या ओळखीचा एक पॉलिशवाला मशीन घेऊन येईल, सगळं घासून कोरं लाकूड काढेल आणि वरून काचेसारखा रासायनिक थर मारेल. म्हणजे नवं टेबल आणल्यासारखंच, फक्त त्यासाठी जुन्याचा जीव घ्यायचा. मी म्हटलं, थांबा, घासू नका. मूळची चमक खाली असेलच, मी काढून दाखवतो. मला पॉलिशमधलं काय कळत होतं? काही नाही. पण कृतज्ञ माणसाला पुढे सरसावायची फार घाई असते.

देवासच्या मंडीत लसूण टाकून रिकामा परतणारा एक पिकअप सापडला आणि टेबल धारला माझ्या भाड्याच्या घराच्या ओसरीत आलं. येताना लसणाचा वास घेऊन आलं. दरबारी वस्तूला हा प्रवास कसा वाटला असेल ते तिलाच ठाऊक.

ओसरी रस्त्यावर. त्यामुळे धार शहरात लाकडाचे किती जाणकार राहतात हे मला पहिल्याच सकाळी कळलं. एकाने खोबरेल सांगितलं, एकाने चहाच्या चोथ्याचं पाणी, एकाने टूथपेस्ट. समाजाच्या व्हॉट्सअॅप गटात मी फोटो टाकला तर एका काकांनी केळ्याची साल सुचवली आणि दुसऱ्या काकांनी थोरल्या पातीचा इतिहास पाठवला. मोबाईलवर व्हिडिओही पाहिले. त्यात एक परदेशी गृहस्थ अगदी प्रेमाने दर वाक्याला अशा एका डब्यातलं काही तरी लावत होते, जो धारला कधी आला नाही आणि येणारही नाही. वडील नालछ्याहून आले होते. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पितृपक्षात नवीन काम सुरू करू नये एवढंच सांगितलं. मी म्हटलं, वस्तू जुनी आहे, डाग जुने आहेत, यात नवीन काय आहे? ते म्हणाले, "तू." आणि चहा प्यायला आत गेले.

सगळ्या गलक्यातून एक गोष्ट कामाची निघाली. जुन्या फर्निचरला बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तेव्हा आधी पायाच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, स्पिरिटचा एक थेंब लावून पाहायचा. चिकट झालं तर लाख आहे. म्हणजे पॉलिश जिवंत आहे, त्याला वाचवता येतं.

स्पिरिट आणायला रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पीने का तो नहीं है ना, भिया?"

मी म्हटलं, सरकारी नोकर आहे.

"इसीलिए तो पूछ रहा हूँ," तो म्हणाला आणि बाटली कागदात गुंडाळून दिली.

थेंब लावला. जागा बोटाला चिकटली. इतका आनंद मला पदवीच्या निकालाला झाला नव्हता, कारण निकालाचा अर्थ तेव्हा मला लागला नव्हता. याचा लागला. वरचा घाण थर तेवढा काढायचा होता, आणि तो लाखेला धक्का न लावता. म्हणून आधी स्पिरिट नाही, टर्पेंटाइन. ते तेल-मेण सोडवतं, लाखेला हात लावत नाही. कापसाचा बोळा भिजवला आणि एका कोपऱ्यापासून हलक्या हाताने सुरुवात केली.

बोळा पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही पिवळा, आणि त्यात बारीक रेती लागल्यासारखं खसखसत होतं. मग टर्पेंटाइनच्या वासाखालून दुसराच एक वास वर आला. मी हात थांबवला. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकचरी. मला वाटलं, घरमालकीणबाई उटणं कुटताहेत. पण पितृपक्षात उटणं कोण कुटतं? आत जाऊन विचारलंही. त्यांनी मला पाणी प्यायला दिलं आणि सावलीत बसा म्हणाल्या.

परत येऊन बोळा नाकाशी धरला. वास टेबलालाच येत होता. दिवाळीच्या पहाटेचा वास, तेल, उटणं, सगळं. दरबारी टेबलाला उटण्याचा वास का यावा, याचं उत्तर एकाच माणसाकडे असणार होतं. मी आत्याबाईंना फोन लावला.

आडवळणाने विचारलं, टेबलावर कधी उटणं सांडलं होतं का. त्या म्हणाल्या, सांडेल कशाला, लावलं. दर वर्षी लावते. जणू मी विचारलं होतं, तुळशीला पाणी घालता का.

माझ्या कॉलेजच्या वर्षांत नरकचतुर्दशीला आत्याबाई मला पाटावर बसवून तेल लावत. दादाला लावत आणि मला लावत, आणि मला जरा जोरात लावत, कारण माझी हाडं दिसतात असं त्यांचं म्हणणं होतं. पाट टेबलाच्या शेजारीच असायचा. नोकरी लागली आणि ते संपलं. आमच्याकडच्या कचेऱ्यांना दिवाळी म्हणजे अमावास्या. चतुर्दशीची पहाट सरकारी कॅलेंडरात नसते. मी लक्ष्मीपूजनाला कसाबसा नालछ्याला पोचायचो. दादा पहिल्या पाळीला जायचा, त्याची आंघोळ कारखान्याच्या भोंग्याच्या हिशोबाने. हे सगळं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"तू गेलास त्या वर्षी सवयीनं वाटीत तेल काढलं मी," आत्याबाई म्हणाल्या. "काढलेलं तेल परत बाटलीत ओतू का? म्हटलं, ज्याच्यापाशी बसून पोर शिकला त्यालाच लावते."

"आणि पाणी?"

"तेल-उटणं लावल्यावर आंघोळ नको? घातली. कढत पाण्याने. दिवाळीची आंघोळ गार पाण्याने करतात का कुठे?"

"ओवाळलंत पण असेल."

"न ओवाळता कसं?" आता त्यांना माझ्या शिक्षणाबद्दलच शंका यायला लागली होती.

म्हणजे असं. जगात शिसवी टेबलं पुष्कळ असतील, पण दर वर्षी ज्याला तिळाचं तेल चोळून, उटणं लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून ओवाळलं गेलं, असं हे एकच असावं. तेलावर उटणं बसून बसून पिवळा थर झाला आणि कढत पाण्याने लाख उतून तिच्यावर पांढरे ढग आले. टेबलाला वाळवी लागली नव्हती, पाऊस लागला नव्हता, भाडेकरू लागले नव्हते. त्याला माया लागली होती, आणि त्यावर धारमधल्या एकाही जाणकाराकडे उपाय नव्हता.

मी फोन ठेवला आणि पुन्हा बोळा घेतला. आता मात्र काम जड जायला लागलं. एकेक बोळा टाकताना वाटायचं, ही एक दिवाळी गेली. अशा वेळी माणसाने गंभीर व्हायचं असतं, पण ओसरीत ते जमत नाही. समोरून जाणारे आजोबा रोज थांबून विचारायचे, "अजून पुसताय?" आणि मी हो म्हटलं की समाधानाने पुढे जायचे.

पिवळा थर निघाल्यावर लाख दिसली. थकलेली, चरे पडलेली, पण अखंड. पांढऱ्या ढगांसाठी कापसाची पुरचुंडी केली, वर वडिलांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड गुंडाळलं, तिला स्पिरिट जेमतेम दाखवलं आणि फळीवरून पीस फिरवावं तशी सरळ ओढत नेली. थांबायचं नाही, दाबायचं नाही. थांबलं की लाख कापडाला चिकटते. ढग आधी राखाडी झाले, मग पातळ झाले, मग कुठे गेले कळलं नाही. शेवटी चपडी लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून, बोटाला लागेल एवढ्या तेलाच्या ओलाव्याने, त्याच पुरचुंडीने वर्तुळं काढत गेलो. जुन्या लाखेत नवी मिसळत गेली आणि एका दुपारी ओसरीच्या छताची कौलं फळीत उतरली.

घरमालकांनी त्यात वाकून मिशी पाहिली. वडिलांनी एका बोटाने फळीवर टकटक केली आणि म्हणाले, "आता याच्यावर जेवता येणार नाही." गवंड्याच्या तोंडून ही स्तुती आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी एक जागा मात्र सोडली. खणाच्या तळाला, खालच्या बाजूने, उटणं ओघळून जमलं होतं. तिथे बोळा लावला नाही.

वास्तुशांतीच्या आधी टेबल पिकअपमधून देवासला परत गेलं. यावेळी लसूण नव्हता, मी सोबत होतो आणि माझी चादर टेबलाभोवती होती. फ्लॅटमध्ये चादर काढली तेव्हा वहिनींनी आधी मोबाईल शोधला. मग त्यांनी फोटो काढला आणि माहेरच्या गटात टाकला. तासाभरात ते टेबल 'अँटीक पीस' झालं आणि वहिनींच्या आजेसासऱ्यांना चोपदाराचे सरदार करण्यात आलं. दादा म्हणाला, "भिया, कारखान्यात कळलं तर तुला नोकरी देतील." मग टेबल हॉलमध्ये मांडलं, त्यावर लगेच क्रोशाचं कापड अंथरलं, कापडावर जाड काच बसवली, काचेवर प्लास्टिकची फुलं आणि इंटरनेटचा डबा ठेवला. ज्या चमकेसाठी मी पितृपक्ष वाया घालवला ती आता कोणालाही दिसत नाही. पण ती आहे, या अटीवरच टेबल तिथे आहे.

आत्याबाईंनी सगळी माणसं जेवायला बसल्यावर खण उघडला. बाहेर ओढला, उलटा केला आणि तळाला नाक लावलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग दुपारी त्यांनी आपली लाल-हिरवी वळकटी आणून टेबलाशेजारी पसरली आणि सगळ्या करड्या रंगसंगतीच्या मधोमध आडव्या झाल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यांची तारीफ केली.

मी निघताना आत्याबाई म्हणाल्या, "दिवाळीला तीळतेल ताजं काढून आणते. नव्या घरात पहिली दिवाळी त्याची."

मी हो म्हटलं, बसमध्ये बसलो आणि इंदूर येईपर्यंत मला काही सुचेना. एका दिवाळीत ती काच, कापड, लाख, सगळं चिकट होणार. त्यानंतर टेबल हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून कबाड्याकडे, आणि मागोमाग वळकटी. लावू नका म्हणावं, तर त्याचा अर्थ होतो, तुमच्या मायेने टेबल खराब झालं. हे वाक्य मला हिंदीत, मराठीत, माळवीत, कशातच नीट म्हणता येईना. शिवाय फोनवर बोलायची सोय नाही. आत्याबाईंना कमी ऐकू येतं म्हणून दादा फोन स्पीकरवर ठेवतो आणि मग सगळी इमारत आमचं बोलणं ऐकते.

म्हणून पत्र लिहिलं. आत्याबाई जुन्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत आणि हाताने लिहिलेली मराठी सावकाश, ओठ हलवत वाचतात. दादा आणि वहिनी मराठी बोलतात, पण त्यांचं वाचणं सगळं हिंदीतलं. मराठीच्या चार ओळींनंतर त्यांना जांभई येते. त्या घरात मराठी पत्राला वेगळं पाकीट लागत नाही.

आत्याबाई,

पायांवर डोकं ठेवतो. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, तिकडे तुमची तब्येत आणि वहिनींचे पडदे ठीक असतील.

टेबलाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही इतकी वर्षं त्याला जे न्हाऊ-माखू घातलंत ते त्याला पुरेसं झालं आहे. मी स्वतः पुसून पाहिलं, एकही दिवाळी चुकलेली नव्हती. आता त्याला कोरड्या फडक्याशिवाय काही लागणार नाही. ओवाळायला हरकत नाही, पण निरांजन जरा लांबून फिरवा आणि काचेवर कुंकू सांडलं तर वहिनींच्या आधी पुसून घ्या. खणाच्या तळाचं मी काढलेलं नाही, ते तुम्ही पाहिलंतच.

तुम्ही म्हणाल, मग वाटीतल्या तेलाचं काय करू. त्याची सोय केली आहे. मी चतुर्दशीची रजा टाकली आहे. अर्जात कारण खरं लिहिलं, आंघोळ. साहेबांनी बोलावून विचारलं, ती धारला होत नाही का? मी म्हटलं, होते, पण नीट होत नाही. त्यांनी सही केली.

आदल्या संध्याकाळच्या बसने येतो. पाट आहे का, की तोही कबाड्याने नेला? नसला तर मी फरशीवर बसेन. तेल टेबलाला लावू नका, मला लावा. हाडं आता दिसत नाहीत, तेव्हा हात जरा हलका ठेवला तरी चालेल. आणि पाणी बेताचंच तापवा. टेबल बिचारं पांढरं पडायचं, पण बोलायचं नाही. मी ओरडेन.